पाठीवरचं मशीन आणि कमलकाकूंचा झाडू

"बाई, कोणतं औषध मारायलाव?"

परभणीत बहुतेक दारांत माझं स्वागत या प्रश्नाने होतं. त्यात लोकांची चूक नाही. आपल्या जिल्ह्यात पाठीवर डबा बांधून, हातात नळी धरून कुणी निघालं की ते फवारणीलाच निघालंय, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. मी बाई असल्यामुळे थोडी शंका येते, पण ती माझ्याबद्दल येते, पंपाबद्दल नाही. एकदा मी रिक्षाची वाट बघत वसमत रोडला उभी होते. एक शेतकरी दादा मोटारसायकल लावून शेजारी आले, मशीन चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, टाकी केवढी हाय?"

"टाकी न्हाई दादा. हे फवारत न्हाई, ओढतं."

"काय ओढतं?"

"धूळ."

दादांनी नळीच्या तोंडाला डोळा लावून बघितलं. मग म्हणाले, "आन् ओढलेली धूळ मंग कुठं मारायची?"

पाथरीला पहिल्यांदा काम मिळालं तेव्हा तर आणखी मजा झाली. जीपमधून उतरून मी मशीन पाठीवर चढवलं आणि गल्लीत शिरले. बघता बघता बायकांनी पाण्याच्या घागरींवर झाकणं घातली, खिडक्या लागल्या आणि गल्लीतली सगळी पोरं माझ्या मागे धावायला लागली. डासांचा धूर सोडणारी गाडी येते ना, तशी मी आले आहे असा सगळ्यांचा समज. मी ज्या घरात काम केलं त्या घराच्या पायरीवर पोरं शेवटपर्यंत बसून होती. निघताना एकाने फार आशेने विचारलं, "मावशी, धूर कवा निघल?" धूर निघणार नाही म्हटल्यावर त्या लेकराचं तोंड इतकं उतरलं की मलाच अपराध्यासारखं झालं.

तर हे मशीन म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. व्हॅक्यूम क्लीनर बऱ्याच घरांत असतो. कुणीतरी लग्नात दिलेला आणि खोक्यासकट माळ्यावर गेलेला. तो जमिनीवर ठेवून मागे मागे ओढत न्यावा लागतो, प्रत्येक उंबऱ्याला अडतो आणि खुर्चीच्या पायाला वेढा घालून बसतो. माझं मशीन पाठीवर बसतं. खांद्याला दोन पट्टे, कंबरेला एक रुंद पट्टा. खरं वजन कंबरेवर पेलायचं, खांदे फक्त धरायला. आत मोटार, एक पिशवी आणि बारीक जाळीचा फिल्टर. दोन्ही हात मोकळे राहतात, त्यामुळे स्टुलावर चढून पंख्याची पाती, माळा, कपाटाची डोकी सगळं एका दमात होतं.

पुण्यात एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत मी बरीच वर्षं सफाईला होते. हे मशीन तिथेच शिकले. सासूबाई थकल्या म्हणून आम्ही परत आलो, तेव्हा मी असंच एक मशीन घेऊन आले. वरून खाली यायचं आणि आतून दाराकडे यायचं, हा कामाचा पहिला नियम. नळी घासायची नाही, सावकाश ओढायची, हा दुसरा. घाई केली की धूळ जागेवर राहते आणि आपण नुसता आवाज करून घरी जातो. तिसरा नियम म्हणजे ओलं काही ओढायचं नाही. हा तिसरा नियम पुण्यात फारसा आठवावा लागला नव्हता.

माझे वडील चुडाव्याचे. आजोबांनी बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला आणि त्या दिवसापासून गावकीची सगळी कामं सोडली. वडिलांनी आम्हा भावंडांना एकच सांगितलं होतं, कुणाच्या घरचा झाडू हातात घ्यायचा नाही. मी सफाईच्या कामाला लागले तेव्हा ते माझ्याशी थोडे दिवस बोलले नाहीत. पुढे बोलायला लागले, पण गावात कुणी विचारलं की सांगायचे, "लेक मशीनवर हाय." लोकांना वाटायचं कारखान्यात असेल. परत आल्यावर एकदा मी त्यांना माझं मशीन पाठीवर घालून दाखवलं. त्यांनी पट्टे ओढून बघितले, नळी हातात धरून बघितली आणि म्हणाले, "यात झाडू कुठंच न्हाई." मग ते जेवायला बसले. ते होते तोवर मी त्यांच्याशी या कामाबद्दल आणखी बोलायला हवं होतं. ते राहून गेलं, त्याचं वाईट वाटतं.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर अख्खा दिवाळी अंक पुरायचा नाही. सफाईवाली येणार म्हणून आदल्या दिवशी घर झाडून-पुसून ठेवणाऱ्या बायका घरटी एक. मशीनचा आवाज कमी झाला की "आता ओढायलं न्हाई वाटतं" म्हणणारे निवृत्त साहेब वेगळे. आणि काम झाल्यावर पिशवीत काय निघालं ते बघायला मागणारे तर फारच. मी शक्यतो दाखवत नाही. दुसऱ्याच्या घरातला मळ त्याच्याच पुढ्यात ओतणं मला बरं वाटत नाही. पण एका घरी मला तो ओतावा लागला, ती गोष्ट सांगते.

प्रशांत नावाचा एक मुलगा, कुठल्याशा ऑफिसात कारकून, मला भेटायला आला. त्याचं घर जिनिंग मिलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. हंगामात दिवसभर कापसाच्या गाड्या दारावरून जाणार, वर काळ्या मातीचा फुफाटा. त्याची बायको शीतल बाळंतपणाला पाथरीला माहेरी गेली होती. बाळंतपण कधीच उरकलं होतं, बाळ रांगायला आलं होतं, पण शीतल परत येत नव्हती. भांडण काही नव्हतं. तिला दमा. या घरात राहिलं की पहाटे पहाटे तिचा श्वास कोंडायचा, माहेरी गेलं की बरं वाटायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, घरातली धूळ कमी करा. आता दिवाळीच्या तोंडावर ती येऊन एक रात्र राहणार होती. श्वास नीट राहिला तर मुक्काम कायमचा, नाही तर प्रशांतला पाथरीत खोली बघावी लागणार होती आणि आई इथे एकटी पडणार होती.

"आईला यातलं काय सांगितलंय?" मी विचारलं.

प्रशांतने मान खाली घातली. "आईला म्हणलं, ऑफिसातून दिवाळीची स्कीम हाय, घराची सफाई फुकट."

"कामून?"

"ताई, आमची आई पहाटेपासून दिवसातून तीनदा घर झाडते. तिला कसं सांगू की आपल्या घरात धूळ हाय?"

मी ठरलेल्या दिवशी गेले. कमलकाकू दारातच उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, पदर खोचलेला. मशीनकडे त्यांनी असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरी बोकड घेऊन आले आहे.

"माझ्या घरात कचरा न्हाई," त्या म्हणाल्या. "पण फुकट हाय म्हणतो पोरगं, तर मारा तुमचं औषध."

मग पाणी आलं आणि पाण्याबरोबर चौकशी आली. नाव काय? सुमन. कोणत्या गावच्या? चुडाव्याच्या. चुडाव्यात कोणत्या बाजूला? स्टेशनच्या बाजूला, मी म्हटलं. काकूंना जे समजून घ्यायचं होतं ते त्यांनी समजून घेतलं आणि आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. त्यांच्या कपासारख्याच कपात आला. आमच्या नजरेला ही गोष्ट आधी दिसते, काय करणार. सूनबाईंचं विचारलं तर म्हणाल्या, "तिला जरा सर्दी हाय. तिकडंच बरं वाटतंय तिला." आणि विषय बदलला.

मी कंबरेचा पट्टा आवळला आणि आतल्या खोलीपासून सुरुवात केली. पंखा, कपाट, खिडकीची जाळी झाली. मग खाली उतरले, दिवाणाखाली नळी घातली. थोड्या वेळाने मशीनचा आवाज बदलला. मोटार कुंथायला लागली, पाठीला गरम लागायला लागलं, जळल्यासारखा वास आला आणि मशीन बंद पडलं. मी घाबरून पट्टे सोडले, झाकण उघडलं. पिशवीत धूळ नव्हतीच. तिथे भाकरीला भिजवतात तसा मळलेला गोळा होता.

"काकू, इथं ओलं होतं का काही?"

काकू प्रसन्न हसल्या. "व्हय तर. तुमी यायच्या आदी आख्ख्या घरात पाणी शिंपडून ठेवलं म्या. म्हणलं, दुसऱ्याच्या लेकीच्या नाकातोंडात कशाला धूळ जाऊ द्यायची."

मी दिवाणाखाली हात घालून फरशी चाचपली. आपल्याकडे फुफाटा उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडायचं आणि मग झाडायचं, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मी स्वतः तसंच झाडायचे. पण पुण्याच्या इमारतीत कुणी पाणी शिंपडत नव्हतं आणि मी विचारायलाच विसरले होते. शहाबादी फरशी पाणी पिऊन टाकते, वरून काही कळत नाही. ओल राहिली ती दिवाणाखाली आणि फरशीच्या सांध्यांत.

काकूंनी माझ्यासाठी केलेली माया माझ्या मोटारीत शिरली होती. रागावणार कुणावर? पिशवी आणि फिल्टर झटकून दोरीवर वाळत घातले. काकूंच्या दोन लुगड्यांच्या मध्ये माझी ती करडी पिशवी लोंबत होती. काकू दर थोड्या वेळाने येऊन विचारायच्या, "साबण लावून धुऊन देऊ का?"

दुसऱ्या दिवशी मशीन थंड होऊन पुन्हा चालू झालं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. शीतल त्याच संध्याकाळी येणार होती. मी काकूंना हात जोडून विचारलं, "काकू, आज पाणी शिंपडलं नाही ना?"

"न्हाई ओ. एक थेंब न्हाई. तुमी न्हाई म्हणलाव म्हणून कोरडंच झाडून काढलं सगळं. आज लय जोर लावून झाडलं."

घरात उन्हाचा पट्टा पडला होता आणि त्या पट्ट्यात धूळ उडताना दिसत होती. काल बसलेली होती ती आज सगळी हवेत. मी ती खाली बसायची वाट बघत पायरीवर बसून राहिले. काकूंनी चहा केला.

मग काम सुरू झालं. कूलरच्या वाळ्यात मागच्या उन्हाळ्यापासून धुळीचं राज्य होतं. दिवाणाच्या आत, गाद्यांच्या शिवणीत, गोधड्यांच्या घड्यांत कापसाचे बारीक तंतू आणि काळी माती एकमेकांना धरून बसली होती. मध्ये लाइट गेली, आली, पुन्हा गेली. लाइट असेल तेवढा वेळ काकू माझ्या मागे मागे वायर उचलून धरत होत्या. आधी नुसती वायर धरली, मग सूचना यायला लागल्या. "इथं ऱ्हायलं. त्या कोपऱ्यात घाल बाई सोंड. अगं, सावकाश ओढ, तूच म्हणलीस ना." दुपारपर्यंत त्या माझ्या मुकादम झाल्या होत्या आणि मी तुमीवरून अगंवर आले होते.

काम संपलं. मी पिशवी काढून अंगणात टाकायला निघाले, तर काकू आडव्या आल्या.

"दाव काय निघालं."

"राहू द्या काकू. सगळ्यांच्या घरी निघतं."

"दाव म्हणते ना."

मी सुट्टी काढून घरी थांबलेल्या प्रशांतकडे बघितलं. तो एकदम नळाची तोटी तपासायला लागला. मी अंगणात जुना पेपर पसरला आणि पिशवी ओतली. ढीग पडला. चाळणीने चाळल्यासारखी बारीक, करड्या रंगाची धूळ. काकू उकिडव्या बसल्या. चिमूट उचलून बोटांत चोळली.

"एवढी? माझ्या घरात?"

"काकू, रस्ता बघा तुमच्या दारासमोरचा. इथं कुणीही राहिलं असतं तरी एवढीच निघाली असती."

"पण मी रोज झाडते ना गं. तीन तीन बारी."

आता सांगणं भाग होतं. नळाच्या तोटीकडून काही मदत येण्याची चिन्हं नव्हती. मी म्हटलं, "झाडूनं जाड कचरा जातो काकू. ही बारीक असते ती जात नाही, उठते. पाणी शिंपडलं तरी थोडीफार उठतेच, आणि गादीवर, पांघरुणावर जाऊन बसते. तुम्ही पहाटे झाडायला सुरुवात करता तेव्हा शीतल झोपलेली असते."

काकूंनी बोटांना लागलेली धूळ पदराला पुसली. पुन्हा ढिगाकडे बघितलं. म्हणाल्या, "म्हंजे मीच?"

इतकी वर्षं पहाटे उठून घरासाठी जे केलं, तेच सुनेच्या छातीवर बसलं, हे कुणाला ऐकवेल? मी वायर गुंडाळत राहिले. प्रशांत येऊन आईजवळ बसला.

शेवटी काकूच उठल्या. घरातला झाडू आणला आणि अंगणाकडच्या दाराआड उभा केला. "अंगण झाडलं तर चालतंय का?"

"चालतं की. दारं लावून घ्या आणि भरपूर पाणी शिंपडून झाडा."

"अंगणात पाणी चालतंय?" त्यांचा चेहरा जरा उजळला. "आन् घरात?"

"घरात ओल्या फडक्यानं पुसायचं. पंधरवड्याला मी मशीन घेऊन येईन."

"नुसतं पुसायचं," काकू स्वतःशीच म्हणाल्या. मी निघाले तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. हात मांडीवर होते आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. घरी जाताना मला आपल्या कामाचा पहिल्यांदा थोडा राग आला.

शीतल संध्याकाळी बाळाला घेऊन येणार होती. त्या रात्री मला काही सुचलं नाही. मशीनने केलं ते केलं, पण दमा काही मशीनला विचारून येत नाही. आणि काकूंचा हात पहाटे सवयीने झाडूकडे गेला तर?

सकाळी मी चहा टाकत होते, तोच प्रशांतचा फोन आला. "ताई, लगेच या. मला काय करावं सुचंना." आणि फोन कट.

मी तशीच निघाले. का कुणास ठाऊक, मशीनही पाठीवर घेतलं. कंबरेचा पट्टा लावायचं भान नव्हतं, त्यामुळे रिक्षात बसेपर्यंत सगळं वजन खांद्यावर. वाटेत मनात नाही नाही ते येऊन गेलं. दवाखान्याची गाडी दारात दिसेल म्हणून मी लांबूनच बघत होते. दारात प्रशांत उभा होता. केस विस्कटलेले. त्याने नुसतं आत बोट दाखवलं.

आत दिवाणावर कमलकाकू पालथ्या पडल्या होत्या. शीतल त्यांच्या कंबरेला मलम चोळत होती आणि चोळता चोळता बोलत होती.

"बरं झालं तुमी आलाव, मावशी, आता तुमीच सांगा यांना, पहाटं उठून गुडघ्यावर बसून आख्खं घर पुसलंय, एकदा पुसलं तर पुसलं, दोनदा पुसलंय, मला हाक मारली न्हाई, आपल्या लेकाला उठवलं न्हाई, आन् आता कंबर धरली तर म्हणायल्यात दवाखान्यात येत न्हाई, या वयात असं करायचं असतंय का, लेकराला कोण घ्यायचं आता, मी एकटी कुठं कुठं बघू?"

प्रशांत दबक्या आवाजात म्हणाला, "म्या दवाखान्यात चला म्हणलं, तर दोघी माझ्यावरच वरडायल्यात."

मी शीतलकडे बघत राहिले. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. पण एवढं सगळं ती कुठेही न थांबता, एका दमात रागावली होती. इतकं रागवायला माणसाच्या छातीत भरपूर श्वास असावा लागतो. मला हसू यायला लागलं आणि डोळेही भरून आले. मी मशीन उतरवून भिंतीशी ठेवलं.

शीतल गरम पाण्याची पिशवी आणायला स्वयंपाकघरात गेली. प्रशांत तिच्या मागोमाग, बहुधा आणखी थोडं ऐकून घ्यायला. काकूंनी उशीवरची मान वळवली आणि मला बोटाने जवळ बोलावलं. मी खाली वाकले.

"सुमन, पुसायला म्हणून उठले न्हाई गं मी," त्या हळूच म्हणाल्या. "रातभर डोळा लागलाच न्हाई. तिच्या दाराला कान लावून बसले व्हते. आदी तिच्या छातीत शिट्टी वाजायची. मला भिंतीपल्याड ऐकू यायची. मी कुणाला बोलले न्हाई."

"आणि काल?"

"एकदा बी वाजली न्हाई." काकूंनी डोळे मिटले. "मंग उजाडेपर्यंत तिथं नुसतं बसून काय करावं, म्हणून पुसून घेतलं."